तात्यासाहेबांच्या तंबोऱ्याची जवारी

“आज मी बोलणार. तू मध्ये तोंड घालायचं नाही,” हुपरीकरांच्या पायरीवर चपला काढता काढता अब्बांनी मला दम दिला.

मी मान हलवली. हा दम मी त्या पायरीवर इतक्यांदा खाल्ला होता की आता त्याची चवही लागत नव्हती. हत्यारांची पेटी माझ्याच हातात होती, कारण गुडघेदुखीमुळे अब्बांना एका हाताने भिंत धरावी लागे. आम्ही आलो होतो वखारीमागच्या परड्याच्या खरेदीखताचं विचारायला. पेटी आणली होती, कारण तात्यासाहेबांचा तसा निरोप होता.

आत तात्यासाहेब हुपरीकर झोपाळ्यावर बसले होते. धुवट मलमलीचा सदरा, तोंडात लवंग, मांडीवर उजव्या हाताचा ठेका चाललेला. मिरजेत गाण्याची बैठक म्हटली की पहिल्या रांगेत हा माणूस असायचाच, आणि गवयाच्या आधी यांची मान डोलायची. वडिलोपार्जित मालमत्ता गावात चार ठिकाणी, स्वभाव लोण्यासारखा. निदान अख्खी मिरज तसं म्हणायची.

“या उस्ताद, या. नसीम, ये बाळ, बस. माई, उस्ताद आलेत, चहा टाका.”

“तात्यासाहेब, आज जरा बोलायचं होतं,” अब्बा उभ्यानेच म्हणाले. मला हायसं वाटलं. निदान तोंड तरी उघडलं.

“बोलू की! बोलायलाच तर बोलावलंय तुम्हाला. पण आधी ह्या तंबोऱ्याकडं बघा हो. कालपासून नुसता कण्हतोय. रियाजाला बसवत नाही मला.”

आणि त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा उचलून अब्बांच्या पुढ्यात आणून ठेवला. आमच्याच घरात घडलेला तंबोरा तो, जोडीतला नर, म्हणजे पुरुषी पट्टीचा. अब्बांनी एकदा तार छेडली. आवाज खरंच बसलेला होता, सर्दी झालेल्या माणसाचा असतो तसा. अब्बांचा चेहरा आंबट झाला, आणि ते खाली बसले. झालं, आमचं बोलणं तिथंच आटोपलं.

तंबोऱ्याच्या तारा ज्या चपट्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला आम्ही घोडी म्हणतो. ती वरून सपाट दिसते, पण तिला केसाएवढा उतार असतो. तो उतार कानशीनं आणि काचकागदानं नेमका साधायचा, मग तारेखाली सुताचा धागा सारायचा, की तार नुसती वाजत नाही, गुणगुणते. तीच जवारी. जवारी उतरली की लाखाचा तंबोरा लाकडी खोक्याच्या किमतीचा. ही कला अब्बांना त्यांच्या अब्बांनी दिली, आणि माझा भाऊ दुबईला एसी दुरुस्त करायला निघून गेल्यावर नाइलाजाने का होईना, अब्बा ती मला देत होते. मला मात्र नाइलाज नव्हता. मला ते काम मनापासून हवं होतं.

अब्बांनी तारा ढिल्या केल्या, घोडी खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. जरा जास्तच वेळ फिरवलं. मग त्यांनी मान वर करून तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेब पानाच्या डब्यात काहीतरी शोधत होते.

“नसीम, बारीक कानस दे,” अब्बा म्हणाले.

चहा आला, निवला, पुन्हा गरम होऊन आला. उन्हं कलली. शेवटी अब्बांनी धागा सारून तार छेडली आणि सगळी खोली भरून गेली. तात्यासाहेबांनी डोळे मिटले. त्यांनी षड्ज लावला, मग यमनचे दोन-चार सूर, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. खोटं नव्हतं ते, हे मी आजही शपथेवर सांगेन. अब्बा हळूच उठले. तात्यासाहेबांनी डोळे न उघडताच त्यांना हात जोडले.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, “बोललात?”

“वाजत होता ना.”

हे उत्तरही मला पाठ होतं. आमच्या घराण्यात आजोबांपासूनचा दंडक होता: वाजत्या तंबोऱ्यासमोर व्यवहार काढायचा नाही. वाद्य लावून दिलं की ते वाजत असतानाच उठायचं. मजुरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोचवतं, नाही पोचवली तर आठवण करून द्यायला तिसऱ्या दिवशी जायचं. आजोबा म्हणायचे, आपण लावलेल्या सुरात आपणच पैशाचा खडा टाकायचा म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं आहे. गावातल्या साऱ्या गाणाऱ्यांना आमचा हा दंडक ठाऊक होता, आणि तात्यासाहेबांना तर त्याचं केवढं कौतुक. चार लोकांत ते सांगायचे, “असा कारागीर आता मिळायचा नाही.”

“मग लावायच्या आधी बोलायचं,” मी चिडून म्हणाले. “बिघडलेला होता तेव्हा.”

“बिघडलेलं वाद्य मांडीवर घेऊन जमिनीचं बोलू?” अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मशिदीत चपला घालून शिरले होते. “पुढच्या खेपेला बोलतो. नक्की.”

परड्याची गोष्ट सांगते म्हणजे माझी चिडचिड कळेल. तंबोऱ्याचा भोपळा कापला की भिजवायचा, आतून खरवडायचा, तोंड ताणून काड्या लावायच्या आणि मग पुन्हा वाळवायचा. त्याला ऊन लागतं, आणि तेही सरळ, दिवसभराचं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या इमारती चढत गेल्या आणि ऊन आमच्या छपरावर जेमतेम जेवणवेळेपुरतं यायला लागलं. भोपळ्यांना बुरशी धरायला लागली. एकाच उन्हाळ्यात निम्मे भोपळे फेकावे लागले. हुपरीकरांच्या वखारीमागे दक्षिणेला उघडं परडं होतं. तात्यासाहेबांनी आपण होऊन सांगितलं, “उस्ताद, वाळवा की तिथं. कोण नको म्हणतंय?” दोन हंगाम आम्ही तिथं भोपळे वाळवले, त्यांच्या मेहरबानीवर. मग अब्बांनी धीर करून विचारलं की विकत द्याल का. ते म्हणाले, “तुम्हाला नाही तर कुणाला देऊ?”

त्यांच्याच सोप्यावर साठेखत झालं, म्हणजे पुढं खरेदी करून द्यायचा लेखी करार. निम्मी रक्कम रोख, आणि उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात तंबोऱ्यांची जोडी, अब्बांच्या हातची, नर आणि मादी. अम्मी गेल्यावर तिचे दागिने कपाटात पडून होते, ते रोख रकमेत गेले. स्टँपपेपरवर मजकूर लिहिणाऱ्यानं तारखेची जागा मोकळी सोडली होती. तात्यासाहेबांनीच ती दाखवली.

“तारीख घाला हो. तारीख नसली की माणूस ढिला पडतो. येत्या दसऱ्याला खरेदीखत. वाद्यांच्या पूजेचा दिवस, उस्तादांसाठी याहून चांगला मुहूर्त कुठला?”

अब्बांना भरून आलं. हिंदू माणसानं आपल्यासाठी एवढा विचार करून मुहूर्त काढावा! दसऱ्याला रजिस्ट्रारची कचेरी बंद असते हे त्या सोप्यावर कुणाच्याच लक्षात आलं नाही. निदान अब्बांच्या आणि माझ्या तरी नाही.

जोडी दसऱ्याच्या आधीच पोचली. दसऱ्याला सोनं द्यायला अब्बा गेले, तर घर माणसांनी गजबजलेलं. मग दिवाळी झाल्यावर गेले, तेव्हा जवारी पहिल्यांदा उतरली होती. नव्या वाद्याची उतरते कधीकधी, अब्बा म्हणाले, घोडी जरा मुरायला लागते. संक्रांतीनंतर पुन्हा उतरली. उन्हाळ्यात उतरली, तेव्हा आम्ही हवेला दोष दिला. पावसाळ्यात उतरली, तेव्हा ओलीला दिला. अब्बा निरोप पाठवायचे की खरेदीचं बोलायला येतो, आणि उलट निरोप यायचा की जरूर या, येताना हत्यारं घेऊन या. जोडीतल्या मादीला कधी काही झालं नाही. ती वरच्या मजल्यावर गवसणीत असायची.

मी एकदा म्हटलं की मी जाऊन विचारते. अब्बा म्हणाले, “बाईमाणसानं जमिनीचा तगादा लावला तर तात्यासाहेबांना काय वाटेल?” तात्यासाहेबांना काय वाटेल, यावर आमच्या घरचा सगळा कारभार चालायचा. मी मूग गिळून बसले. भोपळे परड्यात वाळतच होते, कुणी हटकत नव्हतं, तेव्हा नड अशी काही नव्हतीच. अशी तीन वर्षं गेली.

मग एका सकाळी मी टोपली घेऊन परड्यावर गेले तर तिथं सिमेंटचे खांब रोवत होते. आमचे भोपळे एका कडेला रचून ठेवले होते, नीट, एकावर एक. मुकादम म्हणाला, “डॉक्टरसायबांनी घेतलीय जागा. पार्किंग होणार हाय. ह्ये तुमचं सामान तेवढं आजच्या आज उचला, ताई.”

“कुणाकडनं घेतली?”

“हुपरीकरांकडनं. रजिस्ट्री झाली की गेल्या आठवड्यात.”

अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा ते भोपळ्याचं तोंड ताणत होते. त्यांनी काडी नीट बसवली, भोपळा खाली ठेवला आणि म्हणाले, “काहीतरी चूक असंल.” मग भिंत धरून उठले आणि टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

वकील सुनंदा खोत यांची कचेरी कोर्टासमोर एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. साठेखत त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्या जिवात जीव आला, कारण त्यांची मान होकारार्थी हलत होती.

“कागद चांगला आहे. त्यांनी देऊ केलं, तुम्ही घेऊ म्हटलं. मोबदला ठरला, तुमच्या बाजूनं तो पुरा दिलासुद्धा. तंबोरा चालतो मोबदला म्हणून, रोखच पाहिजे असं नाही. दोघं शहाणे, सज्ञान, जबरदस्ती नाही, दोन साक्षीदार. करार पक्का आहे, उस्ताद.”

“म्हणजे जागा मिळेल?” मी विचारलं.

खोतबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “ही तारीख कुणी घातली?”

“तात्यासाहेबांनी,” अब्बा अभिमानाने म्हणाले. “आपण होऊन घातली.”

“हं.” बाईंनी बोट त्या ओळीवरून उचललं. “तारीख घातलेली नसती ना, तर ज्या दिवशी त्यांनी तुम्हाला नाही म्हटलं, त्या दिवसापासून दाव्याची मुदत मोजली असती. म्हणजे आजपासूनच म्हणा. पण तारीख आहे, म्हणून त्या दसऱ्यापासून मोजायची. तीन वर्षं. ह्या दसऱ्याला संपली. आता दिवाळीही झाली.”

“संपली म्हणजे?”

“म्हणजे हक्क तुमचाच, पण तो मागायचं दार बंद. दिलेल्या पैशाचंही तेच.”

ती ओळ पुन्हा वाचायला मी कागद ओढला. अब्बा मात्र शांतपणे म्हणाले, “पण बाई, मी जागा सोडली थोडीच? मी थांबलो होतो. थांबलेल्या माणसाचा गुन्हा काय?”

“कायदा थांबत नाही, उस्ताद. झोपलेला आणि थांबलेला, त्याला दोघं सारखेच दिसतात.” त्या पुढे झुकल्या. “आता नीट आठवून सांगा. ह्या तीन वर्षांत त्यांनी काही लिहून दिलंय? एक ओळ? चिठ्ठी?”

“नाही.”

“बरं. मग तोंडी? ‘उस्ताद, ह्या वर्षी अडचण आहे, पुढच्या दसऱ्याला करून देतो,’ असं काही म्हणाले? तुम्ही बरं म्हणालात? तसं झालं असेल तर तारीख दोघांनी मिळून पुढं ढकलली असं मांडता येतं. तुमच्या शब्दावर का होईना, पण लढता येतं. तुम्ही विचारायला गेलात तेव्हा काय म्हणायचे ते?”

अब्बा आपल्या बोटांकडे बघत होते. कानशीनं झिजून त्यांच्या अंगठ्याचं नख एका बाजूनं चपटं झालं होतं.

“मी विचारलं नाही.”

“एकदाही?”

“जवारी काढत होतो.”

खोतबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, दंडकासकट. सांगून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “इतक्यांदा घरी गेलात, चहा प्यायलात. त्यात एकदा तरी विषय निघाला असेल. माणूस विसरतो. साक्षीला उभं राहीपर्यंत आठवून बघा.”

एवढंच म्हणाल्या त्या. कुणाला खोटं बोला म्हणाल्या नाहीत. पण मला कळलं, आणि मी जीव मुठीत धरून त्या एका वाक्याला चिकटून राहिले. दावा दाखल झाला. मुदतीचा मुद्दा आधी घ्यायचा असं कोर्टानं ठरवलं. मधले सगळे महिने मी अब्बांना जेवताना, भोपळा खरवडताना, औषध देताना आठवण करून देत राहिले. “अब्बा, ते म्हणाले होते ना, पुढच्या दसऱ्याला करून देतो? त्या पावसाळ्यात? मी होते ना तिथं.” अब्बा म्हणायचे, “बघू.” भोपळे घरात ओळीनं ठेवले होते आणि त्यांच्यावर राखाडी ठिपके चढत होते. रोज सकाळी मी ते कोरड्या फडक्यानं पुसायची, दुसऱ्या दिवशी ठिपके पुन्हा हजर.

साक्षीच्या दिवशी तात्यासाहेब आधीच येऊन बाकावर बसले होते. अब्बांना बघताच ते उठून उभे राहिले.

“गुडघा काय म्हणतोय, उस्ताद? तेल लावताय ना?”

“लावतोय तात्यासाहेब. बरा आहे आता,” अब्बा म्हणाले. अब्बांना बसायला जागा व्हावी म्हणून तात्यासाहेब सरकले, आणि माझ्या डोळ्यांदेखत वादी आणि प्रतिवादी एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसले. मला दोघांचाही सारखाच राग आला.

अब्बा पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. समोरचा वकील तरुण होता, आवाज नरम.

“साठेखतानंतर तुम्ही प्रतिवादींच्या घरी बऱ्याचदा गेलात?”

“व्हय. बऱ्याचदा.”

“ते तुमच्याशी कसे वागायचे?”

“लई चांगले.”

“खरेदीखताची तारीख पुढं ढकलावी असं ते कधी म्हणाले?”

कोर्टात पंखा कुरकुरत होता. खोतबाईंनी पेन खाली ठेवलं. मी मनात ते वाक्य म्हणत होते, जणू मी म्हटलं की ते अब्बांच्या तोंडून निघेल. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेब खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवरचा ठेका थांबला होता.

“न्हाई,” अब्बा म्हणाले.

“तुम्ही त्यांच्याकडे खरेदीखत मागितलंत?”

“न्हाई.”

“मग तीन वर्षं त्यांच्याकडे जात होता ते कशाला?”

“जवारी काढायला.”

मागे कुणीतरी हसलं. वकील खाली बसला, त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती. नंतर तात्यासाहेबांची साक्ष झाली. ते म्हणाले, “उस्ताद देवमाणूस आहेत. यायचे, तंबोरा लावून द्यायचे, जायचे. खरेदीचं त्यांनी कधी काढलं नाही. मला वाटलं, त्यांना आता जागा नको असेल.” त्यातला एक शब्दही खोटा ठरवता येण्याजोगा नव्हता. निकाल लागला तो दोन ओळींत सांगता येईल: करार खरा, दावा मुदतबाह्य. खोतबाई म्हणाल्या, अपील करता येईल, पण मी तुमचा खर्च वाढवणार नाही. त्यांनी फीमधला उरलेला भागही घेतला नाही, आणि मला ते आणखीच लागलं.

आम्ही घरी आलो. दार लावलं आणि माझा बांध फुटला.

“एक वाक्य! एकच वाक्य बोलायचं होतं, अब्बा. तात्यासाहेबांनी जागा परस्पर विकली आणि तुम्हाला एक वाक्य जड झालं? वाजत्या तंबोऱ्यासमोर बोलायचं नाही, बिघडलेल्यासमोर बोलायचं नाही, आणि कोर्टात तर तंबोराही नव्हता!”

अब्बा गुडघा धरून सावकाश खाली बसले. शेजारी बुरशी चढलेला एक भोपळा होता. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि तळहातानं पुसायला लागले.

“नसीम, तारेनं घोडी झिजते तेव्हा चरा कसा पडतो?”

असल्या वेळी धडा विचारणाऱ्या बापाला काय म्हणावं? “उभा,” मी तुटकपणे म्हणाले. “तारेच्या दिशेनं.”

“आणि काचकागदानं घासली तर?”

“घासाल तसा. आडवा.” आणि मग मी थांबले. खिडकीपाशी वळवलेली घोडी, तिच्यावरून पुन्हापुन्हा फिरणारं ते नख, पानाच्या डब्यात हरवलेले तात्यासाहेब, हे सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. “अब्बा, आडवे होते?”

“आडवे.”

“कधीपासून?”

“पहिल्या खेपेपासून.”

“ते स्वतः घासत होते? स्वतःचा तंबोरा?”

“त्या घरात तंबोऱ्याला दुसरं कोण हात लावणार?” अब्बांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. “आमचा दंडक त्याला ठाऊक. मी येणार म्हटलं की घासून ठेवायचा.”

“आणि तुम्ही ते दर वेळी नीट करून देत होता? माहीत असून? का नाही विचारलंत त्याला तोंडावर?”

अब्बांनी भोपळा फिरवला आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. देणारा माणूस तंबोरा कशाला बिघडवील? पण एकदा नाही म्हणाला की संपलं, पोरी. मग परडं नाही, ऊन नाही, तुझं काम नाही. तो घासत होता तोवर तो नाही म्हणाला नव्हता. मला वाटायचं, ज्याला नाही म्हणायची एवढी लाज आहे, तो कधीतरी हो म्हणेल.”

बुरशी पुसून निघत नव्हती. तिचा डाग सालीत उतरला होता, तरी अब्बा अंधार पडेपर्यंत तो भोपळा पुसत बसले.

त्यानंतर आमच्या घरात नवा तंबोरा झाला नाही. वर्षभर अब्बांनी बाहेरून तयार भोपळे आणून पाहिले, ते त्यांच्या मनास येईनात. मग फक्त दुरुस्त्या. मग गुडघ्यापाठोपाठ धाप सुरू झाली, आणि दुरुस्त्याही गेल्या. ते वारले तेव्हा तात्यासाहेब जनाज्याबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत आले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. मी एका शाळेच्या कचेरीत नोकरी धरली. जाता-येता पार्किंगवरून जावं लागतं. तिथं दिवसभर सरळ ऊन असतं आणि त्यात गाड्यांची टपं तापत पडलेली असतात.

गेल्या साली तात्यासाहेबही गेले. माईंना मुलाकडे पुण्याला जायचं होतं, घर आवरायचं होतं. त्यांनी निरोप पाठवला म्हणून मी गेले, सवयीनं पेटी घेऊनच. माई म्हणाल्या, “तुझ्या वडिलांच्या हातचा आहे. आमच्यात आता कुणी गात नाही. तू ने. काही देऊ नकोस.” आणि कोपऱ्यातला तो नर तंबोरा त्यांनी माझ्या पुढ्यात आणून ठेवला, त्यांचे यजमान ठेवायचे तसाच.

“मधल्या काळात जवारी कुणी काढली, माई?” मी विचारलं.

“कुणी नाही गं. तुझे वडील यायचे बंद झाले, त्यानंतर कधी काढावीच लागली नाही. शेवटपर्यंत रोज पहाटे वाजवायचे हे.”

मी घोडी खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. तारांखाली उभे, बारीक, वर्षानुवर्षांचे चरे होते. आडवा एकही नव्हता. मुदत संपली होती, मग घोडीला काचकागद लावायची कुणाला गरजच उरली नव्हती. अब्बांनी शेवटच्या खेपेला सारलेला धागा अजून जागच्या जागी होता.

मी तार छेडली. सगळी खोली भरून गेली, आणि माईंनी डोळे मिटून हात जोडले. मला त्यांना त्या आडव्या चऱ्यांचं सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तंबोरा वाजत होता, आणि मी उठले.